बिनदाराची खोली

१

इमारत कागदावर कितीही सुंदर काढली तरी चारुशीला मॅडमना ती कळत नाही. हे त्या स्वतःच सांगतात, आणि वर अभिमानानं सांगतात. वनखात्यातल्या त्या मोठ्या अधिकारी. नकाशा समोर धरला की चष्मा काढून ठेवतात आणि म्हणतात, "मला चालून बघू द्या."

म्हणून त्यांच्याकडचं काम असलं की पाया खणायच्या आधी अख्खी इमारत जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापात आखावी लागते. भिंत म्हणजे चुन्याची रेघ, दार म्हणजे रेघेत सोडलेली फट. मग मॅडम येतात आणि त्या मोकळ्या मैदानात खोल्याखोल्यांतून हिंडतात. दारातून आत, दारातून बाहेर. कोणी रेघ ओलांडली तर ओरडतात, "अहो, भिंतीतून कुठे चाललात?" एका कंत्राटदारानं भिंतीतून येऊन पाणी दिलं, तर मॅडमनी ते घेतलं नव्हतं म्हणे.

मला हा प्रकार मनापासून आवडला होता. मी आर्किटेक्ट आहे. मी काढलेल्या दारांतून लोकांनी जावं एवढीच माझी अपेक्षा असते, आणि तीही फार थोडे लोक पुरी करतात.

मी धनश्री पराते. सदरला एका औषधांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. मालक ईश्वरदास सर. त्यांच्याकडे मी आजवर जिने काढले, संडास काढले, आणि प्रताप नगरातल्या एका डॉक्टरांच्या कुत्र्याचं घरसुद्धा काढलं. उमरेड रोडला, जंगलाच्या नव्या गेटजवळ पर्यटकांसाठी माहिती केंद्र बांधायचं ठरलं, तेव्हा सर म्हणाले, "हे तू कर. मॅडमनी पास केलं तर फलकावर आर्किटेक्ट म्हणून तुझं नाव. नाही केलं तर काम बाहेरगावच्या कंपनीकडे जाईल, आणि तू परत जिन्यांवर."

हे मी घरी सांगायला नको होतं. आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. आईनं नंदनवनच्या आमच्या गल्लीत दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, की माझी पोरगी वाघाचं ऑफिस बांधून राहिली. भाजीवाला मला वाघांचे पगार विचारायला लागला. आता काम गेलं असतं तर गल्ली बदलावी लागली असती.

२

आखणीला मी, प्रीतम आणि गोविंदाभाऊ असे तिघं गेलो. प्रीतम मेश्राम आमचा साइट इंजिनीअर. आम्ही कॉलेजात एकत्र होतो, त्यामुळे तो मला मान देत नाही. गोविंदाभाऊ फक्की मारणारे. त्यांची रेघ सरळ येते, बोलणं मात्र कधीच सरळ येत नाही.

दिवस पानगळीचे होते. मैदानाच्या कडेनं सागाची मोठमोठी वाळकी पानं खरखरत फिरत होती. आम्ही खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि गोविंदाभाऊंना चुना देऊन जेवायला बसलो. उठलो तेव्हा इमारत तयार होती. पुढे लांब व्हरांडा, डावीकडे प्रदर्शनाचं दालन, उजवीकडे भेटवस्तूंचं दुकान, मागे कॅन्टीन. मी खूश होऊन व्हरांड्यात शिरले, दारातून दालनात गेले, आणि थांबले.

माझ्या नकाशात दालन आणि दुकान एकमेकांना चिकटून आहेत. मध्ये एकच भिंत. इथे दालनाची भिंत होती, दुकानाची भिंत होती, आणि दोन्हींच्या मध्ये एक खोली होती. झोपायच्या खोलीएवढी, चांगली ऐसपैस. तिला दार नव्हतं.

"गोविंदाभाऊ, ही खोली कोणी मारली?"

"मी नाही मारली, मॅडम. मले वाटलं तुमचीच आहे."

"माझी कशी असेल? नकाशात कुठे आहे?"

"नकाशात काय काय राहते, मले काय माहीत," ते म्हणाले. "मी फक्त दालन मारलं, दुकान मारलं, कॅन्टीन मारलं अन् व्हरांडा मारला. आता मधात जागा उरली तर मी काय करू? खाऊन टाकू काय?"

आणि खरंच, त्या खोलीची स्वतःची एकही भिंत नव्हती. डावी भिंत दालनाची, उजवी दुकानाची, मागची कॅन्टीनची, पुढची व्हरांड्याची. चारी शेजाऱ्यांनी आपापलं दार लावून घेतलं होतं आणि ती मध्ये उरली होती.

३

"टेप खराब आहे," प्रीतम म्हणाला. "इतवारीतून घेतला होता. उन्हात ताणते तो."

आम्ही दुसऱ्या टेपनं मापलं. दालन बरोबर. दुकान बरोबर. कॅन्टीन, व्हरांडा, सगळं नकाशाबरहुकूम. मग बाहेरून पूर्ण इमारत मापली. तीही बरोबर. म्हणजे आतल्या सगळ्या खोल्या बरोबर, बाहेरचं माप बरोबर, आणि आत एक खोली जास्त. मी हिशेब तोंडानं केला, मोबाइलवर केला, मग प्रीतमला करायला लावला. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"फुकटात एक खोली भेटून राहिली तर तू काहून रडून राहिली वं?"

मी सगळं झाडून पुसायला लावलं. या वेळी सुरुवात उलटी केली, मागून, कॅन्टीनकडून. चुना मी स्वतः टाकला. माझी रेघ वाकडी येते, पण माप चुकत नाही. शेवटची रेघ ओढून कंबर सरळ केली आणि बघते तर खोली तिथेच. मला इतका राग आला, की मी चुन्याचं घमेलं आपटलं आणि सगळा चुना माझ्याच अंगावर उडाला.

आता मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. मी शांत डोक्यानं विचार केला, म्हणजे प्रीतमवर ओरडत केला. आमच्या धंद्यात ज्या जागेचं काय करायचं ते कळत नाही तिला स्टोअर म्हणतात. पण स्टोअरला दार लागतं. दार लागत नाही अशी जागा एकच, डक्ट. पाइप, वायरी वगैरे जायला जी बंद पोकळी सोडतात ती. झोपायच्या खोलीएवढी डक्ट मी आजवर पाहिली नव्हती. पण मॅडमना नकाशाच कळत नाही, तर डक्ट काय कळणार?

"डक्ट आहे ती," मी जाहीर केलं.

"मोठी आहे बाप्पा," गोविंदाभाऊ म्हणाले.

हे बोलताना ते हळू बोलले. माझ्या तेव्हाच लक्षात आलं, की दुपारपासून आम्ही तिघंही हळू बोलत होतो. शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं असलं की आपण बोलतो तसं. मी नाही का नुकतीच ओरडत होते? ओरडत होते, पण कुजबुजत ओरडत होते.

दुसरी गोष्ट पानांची. वाऱ्यानं सागाची पानं सगळ्या इमारतभर झाली होती. कॅन्टीनमध्ये ढीग, दुकानात ढीग. त्या खोलीत एकही नाही. पान रेघेपर्यंत घसटत यायचं, अडायचं आणि कडेकडेनं पुढे सरकायचं. मी म्हटलं, जमिनीला उतार असेल. उतार नव्हता. जमीन आम्हीच सपाट करून घेतली होती.

४

प्रीतम कशालाच भीत नाही, आणि ते तो येता-जाता सांगतो. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. "तवाच आमच्या घरी भुताखेताची एन्ट्री बंद झाली," असं तो म्हणतो. लिंबू-मिरची दिसली की भज्यांत घालतो.

"थांब, मी आत जाऊन येतो," तो म्हणाला. हातात आलूबोंडा होता. तो तसाच घेऊन त्यानं व्हरांड्यातून रेघ ओलांडली आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. वर आकाश, आजूबाजूला मैदान. मला तो टोपीपासून बुटांपर्यंत स्वच्छ दिसत होता.

"इथं काही नाही आहे, धनश्री!"

आवाज बंद खोलीतून आल्यासारखा आला. भिंतींवर आपटून, जरा घुमत. माझ्या हातावर काटा आला. मग वाटलं, गेटच्या चौकीची भिंत आहे तिकडे, तिच्यावरून आला असेल. चौकी बरीच लांब होती.

प्रीतम आत थोडा वेळ उभा राहिला. कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी त्यानं एकदा मान हलवली. मग वळला आणि रेघेच्या आतल्या बाजूनं चालायला लागला, तळहात हवेत चाचपत. मी हसले. नाटकं करण्यात तो पटाईत आहे.

"दार कुठं आहे वं?" तो म्हणाला.

"दार नाही आहे. ये असाच, रेघेवरून."

"कशावरून?"

"रेघेवरून, प्रीतम! चुना आहे तो!"

त्यानं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे गच्च मिटून त्यानं उडी मारली आणि माझ्या पायाशी येऊन पडला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्याला हात देऊन उठवताना पाहिलं तर हातात आलूबोंडा नव्हता.

"खाल्ला?"

"नाही. देल्ला."

"कोणाला दिला?"

तो कपडे झटकत राहिला. आधीच झटकलेले पुन्हा झटकले. "आपण एकटंच खाऊन राहिलो, अन् समोर कोणी असन, तर बरं दिसते काय?" एवढंच बोलला आणि गाडीकडे गेला.

मी खोलीत पाहिलं. जमीन लख्ख होती. आलूबोंडा सोडाच, त्याचा कागदही नव्हता. गोविंदाभाऊंनी तेवढ्यात घरी बकरी आजारी असल्याचं सांगितलं आणि ते मिळेल त्या मोटरसायकलवर बसून निघून गेले. बकरी त्यांच्याकडे नाही, मला माहीत आहे.

५

सकाळी चारुशीला मॅडम आल्या. सुती साडी, पायात बूट, मागे दोन गार्ड. आल्या आल्या त्यांनी व्हरांड्याच्या फटीत बूट पुसले. खाली पायपुसणं वगैरे काही नव्हतं, पण मॅडमनी पुसले म्हटल्यावर गार्डांनीही पुसले, मग मीही पुसले.

मॅडम फिरायला लागल्या आणि मला हुरूप आला. व्हरांड्यातल्या तिकिटाच्या खिडकीशी त्या वाकल्या. "मुलांना पोचणार नाही. खाली घ्या." व्हरांड्याच्या टोकाला बाकडी टाकून केलेल्या प्रतीक्षा कक्षात बसल्या. "इथून झाडं दिसतात. छान." बाई प्रत्येक ठिकाणी बरोबर बोलत होत्या. इतक्या वर्षांत माझ्या कामाकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. होणार, हे काम आपलं होणार, असं वाटायला लागलं.

मग आम्ही प्रदर्शनाच्या दालनात शिरलो. मॅडम उजव्या भिंतीशी गेल्या आणि रेघेच्या अलीकडे थांबल्या.

"ही डक्ट आहे मॅडम," मी घाईघाईनं म्हटलं. "पाइप, वायरी..."

मॅडमनी हात वर करून मला गप्प केलं. त्या समोर बघत होत्या, माणसाच्या तोंडाकडे बघतात तेवढ्या उंचीवर. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हो." मग, "हो, खरं आहे तुमचं." मग जराशा हसल्या. मी गार्डांकडे पाहिलं. ते नोकरीत मुरलेले लोक होते, दोघंही झाडांकडे पाहत होते.

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"डक्टमध्ये कोणी माणूस बसवतं का हो?"

मी नकाशाची सुरळी उलगडायला लागले.

"इतका सभ्य माणूस. किती वेळचा थांबलाय. तुमचं सगळं चांगलं आहे, मला पसंत आहे. पण यांना दार का नाही ठेवलं? दार ठेवा. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर. मग मी सही करते." आणि त्या दारातून, व्हरांड्यातून, बरोबर वाटेनं प्रतीक्षा कक्षात जाऊन चहाला बसल्या.

६

"नको करू," प्रीतम म्हणाला. तो सकाळपासून त्या खोलीकडे पाठ करून उभा होता. "जाऊ दे काम. हात जोडतो तुले."

"तुले काय जाते म्हणायले? जिने मले काढा लागतात!"

"मी आत गेलो होतो, धनश्री."

"मग काय होतं आत? सांग ना!"

त्यानं टोपी काढून हातात गोल फिरवली. त्याच्या कपाळावर घाम होता. मला वाईट वाटलं, भीतीही वाटली. खोटं कशाला बोलू? पण त्या भीतीहून मोठा मला फलक दिसत होता. काळा दगड, पांढरी अक्षरं, माझं नाव. मी स्वतःला समजावलं, की हा चुना आहे. रेघ पुसायची, सही घ्यायची, निघायचं. मॅडमचं वय झालंय, ऊन लागलं असेल. फेब्रुवारीच्या सकाळी ऊन लागत नाही, हे मी मनातल्या मनात खोडून टाकलं.

व्हरांड्याच्या बाजूनं मी चपलेनं रेघ पुसायला सुरुवात केली. चुना मातीत मिसळत गेला. एका दाराएवढी जागा झाली आणि मी थांबले.

काहीच झालं नाही. वाराही पडला होता. मला हसू यायला लागलं. आणि तेव्हा कळलं, की मी दारासमोरून बाजूला सरकून उभी आहे. समोरून माणूस येत असला की आपण अंग चोरून वाट देतो, तशी. कधी सरकले ते आठवत नव्हतं.

"येऊ का?"

आवाज अगदी जवळून आला. भीती वाटावी असं त्यात काही असतं तर बरं झालं असतं, मी किंचाळले तरी असते. साधा आवाज होता, थोडा संकोचलेला. पहिल्यांदा कोणाच्या घरी आलेल्या, दारात चपला काढून उभ्या राहिलेल्या माणसाचा.

आणि आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर एकच असतं. घरात आजारपण असो, भांडण चाललेलं असो, गॅसवर दूध उतू जात असो, उत्तर एकच. ते विचार करून द्यायचं नसतंच. लहानपणापासून जिभेवर बसलेलं असतं.

"या ना, या," मी म्हणाले.

प्रीतमनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्या खांद्याला काहीतरी लागून गेलं. मऊ होतं, धुतलेल्या सुती कापडासारखं.

७

मॅडमनी सही केली. मी कागद पुढे धरला तेव्हा त्या बाकाच्या एका टोकाला सरकून बसल्या होत्या आणि साडीचा घोळ आवरून घेतला होता. उरलेला बाक रिकामा होता. सगळा बाक रिकामा असताना बाई टोकाला का बसल्या, हे मी विचारलं नाही.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "फलकावर नाव नीट मोठं घाला, लाजू नका."

"थँक यू, मॅडम." मला आनंद व्हायला हवा होता. मी तो शोधत होते.

"आणि यांना घेऊन जा बरोबर."

"कोणाला?"

त्यांनी माझ्याकडे जरा रागानं पाहिलं. कौतुक संपलं होतं. "म्हणजे काय? 'या' कोण म्हणालं? मी तर नाही म्हटलं. तुम्ही बोलावलंत, तुमचे पाहुणे. आता इथे मैदानात ठेवून जाणार का त्यांना? नंदनवनला राहता ना तुम्ही? तेच सांगत होते हे."

नंदनवनचं नाव मी मॅडमना कधीच सांगितलं नव्हतं.

त्या गेल्या. धूळ खाली बसली. मी आणि प्रीतम गाडीजवळ उभे राहिलो. मी पळत सुटले असते, पण कुठे? आणि पाहुण्यासमोर पळणं कसं दिसलं असतं? इतकी भीती वाटत असताना मला हा विचार आला, याची मला आजही लाज वाटते.

प्रीतमनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. आम्ही थांबलो. गाडी मागच्या बाजूनं, डावीकडे, हळूच खाली बसली. प्रीतमनं दार लावलं, हलक्या हातानं, आपटू न देता. मग पुढे येऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसले आणि आरसा दिसणार नाही अशी मान वळवून ठेवली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. ऊन चढलं होतं, गाडी तापली होती. मग आजोबांच्या काळापासून भुतांना घरात प्रवेश नसलेल्या त्या माणसानं घसा साफ केला आणि मागं न बघता, अगदी अदबीनं विचारलं,

"एसी लावू काय जी?"

तो थोडा वेळ थांबला. मग "बरं" म्हणाला आणि एसी लावला.

मी समोरच्या रस्त्याकडे पाहत बसले. नंदनवन अजून तासाभरावर होतं, आणि घरी आई एकटी होती.